माणसासकट घेतलेला घेर

मी एक जुनी फीत आहे, झाडांचा घेर मोजायची. रंग पिवळा, लांबी पाच मीटर आणि स्वभाव पहिल्यापासून भित्रा. मित्रांनो, ही भीती माझ्यात कारखान्यातच भरली. तिथे आम्हा बहिणींना हुकाला अडकवून ताणायचे. जी केसभर वाढली, तिला जागच्या जागी कात्री लागायची. मी वाढले नाही, पण आकडा चुकण्याचा धसका मात्र कायमचा बसला.

मला एका कंपनीने विकत घेतले. कंपनीचा धंदा मला फार उशिरा समजला. लांबच्या शहरांतले कारखाने धूर सोडतात आणि त्यातला कार्बन जंगलातली झाडे पोटात साठवतात. ज्या कारखान्याला धूर कमी करायचा नसतो, तो म्हणतो, "अमुक जंगलाने माझ्या वाटणीचा धूर गिळला," आणि तशा कागदाचे पैसे मोजून मोकळा होतो. तो कागद तयार करायचा तर झाडांचे घेर लागतात. म्हणून मी.

त्या जंगलात पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या लोकांपैकीच एक बाई मोजणीच्या कामावर होती. सगळे तिला मोजणीवाली म्हणायचे. खोडावर मुंग्या असल्या तर ती आधी फुंकर घालायची, मग छातीच्या उंचीवर मला गुंडाळायची, आकडा मोठ्याने वाचायची आणि वहीत लिहायची. कंपनीचे साहेब खुशीत येऊन म्हणायचे, "बाई, तुम्ही आणि तुमची टेप, दोघी कधी चुकत नाही." मी डबीतल्या डबीत फुलून जायची. स्तुती कोणाला नको असते?

पुढे काही वर्षांत उत्तरेकडचा सगळा भाग मोजून झाला, त्याचा कागद विकला गेला आणि तिथे तारेचे कुंपण आले. पाटी लागली, 'आत येण्यास मनाई.' लोकांनी होकार दिला होता तो फक्त मोजणीला. आता कंद खणणे बंद, मध काढणे बंद, वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही. मोजणीवालीला आत्यानेच लहानाचे मोठे केले होते. त्या आत्याला तिच्या रोजच्या पायवाटेवर रखवालदाराने अडवले.

घरी येऊन आत्या भाचीला एवढेच म्हणाली, "तुझ्या फितीने आवळलं की झाड आपलं राहत नाही बघ."

मी खुंटीवर लटकत होते. ते मी ऐकले. ज्या ज्या खोडाला मी विळखा घातला, ते ते यांच्या हातून गेले होते. हे मला इतके दिवस कळले कसे नाही?

जंगलातल्या ओढ्यापलीकडची झाडे मात्र मी कधी पाहिली नव्हती. तिथून जाताना मोजणीवाली मला पिशवीत ठेवायची आणि खाली मान घालून चालायची. मोजणीवालीच्या लोकांत कोणी वारले की तिथल्या एका उभ्या झाडाला त्याचे नाव देतात. त्या झाडाला दोरासुद्धा बांधत नाहीत, कारण बांधले तर गेलेले माणूस जखडले जाते. परक्यासमोर त्याबद्दल बोलतही नाहीत. म्हणून तिने ती झाडे मोजली नाहीत आणि वहीत काही लिहिलेही नाही.

एके दिवशी साहेबांनी टेबलावर नकाशा पसरला आणि तो उडू नये म्हणून वर मला ठेवले. मोजलेल्या प्रत्येक झाडाचा हिरवा ठिपका होता. ओढ्यापलीकडे सगळे पांढरे होते.

"ही जागा उजाड दिसतेय," साहेब म्हणाले. "सोमवारी यंत्र आणून सपाट करू आणि झटपट वाढणारी रोपं लावू."

मोजणीवालीच्या तोंडचे पाणी पळाले. "साहेब, तिथे माझे बाबा..." ती अडखळली. "तिथे झाडं आहेत."

"असती तर तुम्ही लिहिली असती ना! वरून काढलेल्या फोटोत हिरवं दिसतंय खरं, पण ते झुडूप असणार."

"तुम्ही एकदा येऊन बघा ना."

"बघून काय करू? मला वर आकडे दाखवावे लागतात. सोमवारच्या आत आणा."

साहेबांनी ओढा कधी ओलांडलाच नव्हता. त्यांचा विश्वास माझ्यावर होता आणि माझा विळखा तिथे पडलेला नव्हता. माझ्या नसण्यावरून झाडे नाहीशी ठरली, या विचाराने मी गारठून गेले.

तिने घरी सगळे सांगितले. आत्या कपाळाला हात लावून बसली. "बांधलं तर पाटी लागणार. नाही बांधलं तर यंत्र फिरणार. चांगल्याच कात्रीत सापडलो गं."

दोन दिवस त्या घरात कोणी धड जेवले नाही. रविवारी सकाळी आत्या उठली आणि म्हणाली, "घे ती फीत. पण त्यांना एकटं बांधायचं नाही."

ज्यांची ज्यांची माणसे तिथे होती, ते सगळे ओढा ओलांडून आले. आत्या आपल्या भावाच्या झाडाला पाठ टेकून उभी राहिली. "गुंडाळ. माझ्यासकट."

"आत्या, आकडा चुकेल."

"चुकतो कसा? हा घेर आमच्यासकटच आहे. आम्हाला वगळून कोणी मोजायला आलं तर जुळणार नाही, एवढं बघ."

मोजणीवालीने सालीवर फुंकर घातली आणि मला डबीतून बाहेर ओढले. खरखरीत सालीवरून मी आत्याच्या छातीवर आले. दोनशे चार सेंटिमीटर. तिने आकडा लिहिला आणि पुढे लिहिले, 'सोबत आत्या'. मग दुसरे झाड, सोबत सून आणि तिच्या कडेवरचे मूल. तिसरे, सोबत धाकटा भाऊ. दिवस मावळेपर्यंत वही भरली.

सोमवारी साहेब आले आणि मागून यंत्र घरघरत आले. समोरची एवढी जुनी झाडे पाहून साहेबांनी मोजणीवालीची वही मागून घेतली. मग त्यांनी स्वतः मला आत्याच्या भावाच्या झाडाभोवती लावले.

"एकशे साठ! वहीत तर दोनशे चार आहे. बाई, तुम्ही चुकलात?"

"चूक नाही, साहेब. माणूस राहिलंय. आत्या, ये गं."

आत्या येऊन उभी राहिली. मोजणीवालीने मला पुन्हा गुंडाळले. मागे एकेक जण आपापल्या झाडापाशी जाऊन उभा राहिला.

"माझ्या तक्त्यात माणसांना रकाना नाही," साहेब म्हणाले.

"मग आखा," आत्या म्हणाली.

मित्रांनो, साहेबांनी अजून काही लिहिलेले नाही. चालकाने यंत्र बंद केलेले नाही. माझ्याखाली आत्याचे काळीज धडधडते आहे आणि मी भीतीने चिंब झाले आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, तुमच्याही टेबलावर असा एखादा नकाशा येईल. त्यात पांढरी जागा दिसली, तर आधी तिथे चालत जा आणि तिथल्या माणसांना विचारा.

साहेबांचा हात माझ्या टोकाकडे येतो आहे. मला सोडवा, हवे तर फेकून द्या. पण त्याआधी, साहेब, आकडा तेवढा मोठ्याने वाचा.