जुळाऱ्यानं वाचलेली पत्रिका

"मालक, ह्यो शब्द जरा बघा," रंभाजीनं कागद राधाकृष्णशेठच्या टेबलावर ठेवला. "दोन अक्षरं मागंपुढं झाल्यात."

शेठनी चष्मा न लावताच कागद परत सरकवला. "वकीलसाहेबांच्या घरच्या लग्नाची इंग्रजी पत्रिका आहे. नवरी मुलगी बीएस्सी झालीय, मजकूर तिनं स्वतः लिहिलाय. तू किती शिकलास?"

"चौथी."

"मग? आहे तसं जुळव."

नगरच्या या छापखान्यात रंभाजी एकवीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवत होता. पारनेरकडच्या खेड्यातून आल्यावर सुरुवातीला इंग्रजी अक्षरं त्याला नुसती आकारानं ठाऊक होती, तीही खिळ्यावरची, उलटी. मग रद्दीत पानं गळालेला एक इंग्रजी-मराठी कोश सापडला आणि त्याला नाद लागला. दुपारची भाकरी खाऊन झाली की एखाद्या शब्दाचे खिळे समोर मांडायचे आणि इकडचे तिकडे करून बघायचे. हार्ट म्हणजे काळीज. त्यातला पहिला एच उचलून शेवटी नेला की झाली अर्थ, म्हणजे धरती. टीचरचे खिळे फिरवल्यावर त्यातून चीटर निघाला, त्या दिवशी तो एकटाच इतका हसला की छपाईवाल्या गोरक्षनं मशीन थांबवून विचारलं, "काय झालं रं?"

बायको भीमाबाई म्हणायची, "ह्याचा उपेग काय?"

"काय न्हाई," तो सांगायचा. "अक्षरं तीच ऱ्हात्यात. जागा बदलली की मानूस बदलल्यागत शब्द बदलतो."

आताचा शब्द तसाच होता. वधूवर विवाहात युनायटेड होणार, म्हणजे एकत्र बांधले जाणार, असं हवं होतं. पण कागदावर टी आधी आला होता आणि आय मागून. तेवढ्यानं शब्द झाला होता अनटाइड. गाठ सुटलेले. रंभाजीनं कोशात दोनदा खात्री केली. बाकी मजकुरात एक चूक नव्हती, खाडाखोड नव्हती. हा एक शब्द मात्र सावकाश, दाबून लिहिलेला दिसत होता. तेच त्याला खटकलं.

संध्याकाळी छापखाना सुटल्यावर तो सावेडीला वकिलांच्या घरी गेला. वकील कोर्टातून यायचे होते. मुलगी मनकर्णा ओट्यावर आली.

"ताई, हितं टी आन् आय..."

तिनं कागदाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "तुम्हाला कळलं?"

"म्हंजी?"

"बाबांनी वाचलं, काकांनी वाचलं, तिकडच्या मंडळींनीही वाचलं. सगळे म्हणाले, छान."

रंभाजीचा आवाज आपोआप खाली आला. "मंग हे चुकून न्हाई."

"मला पुण्याला जाऊन पुढं शिकायचं होतं. सांगून पाहिलं. शेवटी म्हटलं, निदान लिहावं तरी." ती ओशाळून हसली. "करा दुरुस्त. त्यात काय एवढं."

"मिनिटाचं काम हाय. पर एकदा छापून झाल्यावर मला काय करता येनार न्हाई." त्याची थोरली लेक एवढीच होती. "इंग्रजी खिळं कमी पडल्यात म्हनून मालकाला सांगतो. दोन दिस निघत्याल. तवर ह्यो कागद एकडाव वडलांम्होरं ठिवा. शब्दावर बोट ठिवून."

मजकूर त्याला पाठ झाला होता. कागद त्यानं तिच्याकडंच ठेवला.

एकवीस वर्षांत मालकाशी तो खोटं बोलला नव्हता. दुसऱ्या दिवशी बोलला. त्या वर्षी पाऊसच झाला नव्हता. लग्नं पुढं ढकललेली, छापखान्यात सगळे दुष्काळी कामांच्या हजेरीचे फॉर्म. हातात आलेली एकमेव पत्रिका रखडली म्हणून शेठ दिवसभर करवादत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी वकीलसाहेब स्वतः आले. "माझ्या घरी कोण आलं होतं?"

"मी," रंभाजी उठून उभा राहिला.

"रंभाजी! तुला मी काय सांगितलं होतं?" शेठ ओरडले.

वकिलांनी त्यांना हातानं थांबवलं आणि स्टुलावर बसले. कोटाच्या खिशातून चार घड्यांचा कागद काढला. "मी हे चार वेळा वाचलं. दर वेळी मला हवा तोच शब्द दिसला." त्यांनी कागदाची घडी परत घातली. मग म्हणाले, "शेठ, पत्रिका छापू नका. त्या मंडळींना मी कळवतो."

उंबऱ्याशी ते वळले. "इंग्रजी कुठं शिकलात तुम्ही?"

"हितंच, साहेब."

ते गेल्यावर शेठ दुपारपर्यंत आकडे मांडत बसले. मग हिशेबाच्या वहीतून मान वर न करता म्हणाले, "आजपासून तू फक्त मराठी फॉर्म जुळव. इंग्रजीला दुसरा माणूस बघतो. मला जुळारी पाहिजे, वाचणारा नको."

गोरक्षनं मशीन थांबवलं. रंभाजीनं त्याला नजरेनंच गप्प राहायला सांगितलं.

"व्हय, मालक."

वडील मानले नाहीत तर उशीर नको म्हणून पत्रिकेची जुळणी त्यानं कालच गुपचूप पुरी करून ठेवली होती, शब्द सरळ करून. ती सोडवायची होती. जुळणीभोवती बांधलेली सुतळी काढून तो एकेक खिळा आपापल्या खणात टाकू लागला. नवऱ्याचं नाव मोकळं झालं, गाव, तारीख, वेळ. मनकर्णाचं नाव शेवटी राहिलं. तीन ए, दोन एन, एक के. तेही त्यानं घाई न करता, न रेंगाळता सोडवलं. मग इंग्रजी खिळ्यांची पेटी भिंतीच्या खाचेत सरकवली, हात पुसले आणि हजेरीचा फॉर्म समोर ओढला.