रेटोचा दगड

एल्सबेट गाडीतून उतरली, तेव्हा तिच्या हातात बाजाराची दोन चाकी ढकलगाडी होती आणि तिच्यात फक्त एक जुनी घोंगडी. फलाटावर थोरली बहीण मार्ग्रिट उभी होती, ठेवणीतला कोट घालून.

"आधी दफनभूमीत जाऊ, ताई."

"आणि तो धोंडा घेऊन गावभर हिंडायचं? तो शेवटी. वर्षातून एकदा बेर्नला येतेस, जरा मजा कर."

रेटो हा एल्सबेटचा एकुलता मुलगा. सुतारकाम शिकायला मावशीकडे राहिला आणि एकोणिसाव्या वर्षी आरे नदीत पोहताना गेला. वीस वर्षं झाली की इथे थडगं मोडतात, जागा दुसऱ्याला देतात. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. दगड मात्र घरच्यांना नेता येतो. रेटोचा दगड त्याच्या बापाने घरामागच्या ओढ्यातून काढला होता, नावही स्वतः कोरलं होतं. बापही आता नव्हता. एल्सबेटला तो दगड अंगणातल्या नाशपतीखाली हवा होता. मुदत जूनअखेरची, हे गेल्या वर्षी पाटीवर वाचलेलं. आज सत्तावीस तारीख.

बाजारात मार्ग्रिटने दोन किलो चेरी घेतल्या. "ठेव गाडीत."

"तिच्यात दगड यायचाय."

मार्ग्रिटने पिशवी हातातच धरली. मग ती घड्याळाच्या बुरुजाखाली परदेशी लोकांच्या घोळक्यात जाऊन उभी राहिली. अकराच्या आधी घड्याळातला यांत्रिक कोंबडा आरवला, लाकडी अस्वलं फिरली. पन्नास वर्षं या गावात राहून मार्ग्रिटने कधी मान वर करून पाहिलं नव्हतं.

"काय गं, तूच पाहुणी झालीस का?" एल्सबेटने विचारलं.

मार्ग्रिट हसली नाही. कमानींखालच्या एका दुकानात तिने बहिणीसाठी रेशमी रुमाल घेतला.

"हा कुणाला दाखवू? गाईंना?"

"दाखव. त्यांनाही कंटाळा आला असेल तुझ्या त्या करड्या रुमालाचा."

जेवण झालं, कॉफी झाली. मग मार्ग्रिट तिला उतारावरून खाली नदीकाठी घेऊन गेली. पोहायला उतरलेली माणसं हसत, ओरडत प्रवाहाबरोबर वाहत जात होती, कपड्यांच्या पाणबंद पिशव्या बगलेत धरून. वीस वर्षांत दोघी बहिणी या काठावर आल्या नव्हत्या.

"ताई, इथे का आणलंस मला?"

मार्ग्रिट बाकावर बसली. "दुसरं कुठे न्यायचं, सुचेना."

"बोल."

"फेब्रुवारीत दफनभूमीच्या कचेरीचं पत्र आलं. थडग्याची नोंद माझ्या पत्त्यावर आहे ना. दगड हवा की नको, दोन चौकोन होते. वाटलं, तू या वयात कुठे नेणार? 'नको'वर खूण केली."

"मला फोन करता आला नाही?"

"कचेरीचं पत्र घरात रात्रभर राहिलेलं मला चालत नाही. पोस्ट सहाला बंद होतं."

एल्सबेट नदीकडे पाहत राहिली.

"मे महिन्यात तू नाशपतीचं बोललीस, तेव्हा धावत गेले. 'नको' म्हटलेला म्हणून त्यांनी मुदतीआधीच उचलला होता, एल्सी. चुरा करून रस्त्याखाली घालतात."

"चल," एल्सबेट म्हणाली.

दफनभूमीत रांगेतले बाकीचे दगड अजून जागेवर होते. मधेच एक दात पडावा तशी मोकळी जागा होती. माती सपाट केलेली, भोवती दोरी, दोरीला पाटी : गवत पेरले आहे, पाय ठेवू नये. बारीक कोंब वर आले होते.

"जा आत," मार्ग्रिट दबक्या आवाजात म्हणाली. "हात लाव मातीला. मी बघते कुणी येतंय का."

एल्सबेट दोरीशी उभी राहिली. पायाचं टोकही तिने दोरीपलीकडे नेलं नाही.

"पेरलंय ना," ती म्हणाली.

परतीचा रस्ता फरसबंद होता, त्यावर रिकामी ढकलगाडी खडखडत होती. चेरींच्या पिशवीचा बंद मार्ग्रिटच्या बोटांत रुतला होता. ती एकदा थांबली आणि पिशवी गाडीवर धरून, ठेवू का अशा नजरेने तिने बहिणीकडे पाहिलं. एल्सबेटने गाडी दुसऱ्या, तिच्यापासून लांबच्या हातात घेतली.