सात सदरे

नवं कापड जुनं करणं हा तिचा धंदा होता. शिवणखात्यातून कोरे करकरीत कपडे तिच्या टेबलावर यायचे आणि ती त्यांची रया घालवून ते परत करायची. कोपरं किसणीने घासायची, गळपट्टी तारेच्या ब्रशने विसकटायची, खिशात दगड भरून ओला अंगरखा दोन दिवस टांगून ठेवायचा, चहाच्या पाण्याने काखेत घामाचे डाग उठवायचे. पडद्यावरचा सैनिक दहा वर्षं तोच अंगरखा घालून लढतोय असं बघणाऱ्याला वाटलं की तिचं काम झालं. सेटवर तिला सगळे जुनेरबाई म्हणत. पहिल्यांदा कुणीतरी थट्टेत म्हटलं होतं, पण ते तिलाच आवडलं आणि चिकटलं.

मालिका सहा वर्षं चालू होती. तीन खिंडींचं राज्य, तिथली म्हातारी राणी, एकमेकींचं तोंड न बघणाऱ्या तिच्या दोन मुली, दर हिवाळ्यात उत्तरेकडून पुढे सरकणारं हिमसैन्य, आणि पांढरी नावाची एक ड्रॅगनीण, जिच्यावर लोकांचा माणसांपेक्षा जास्त जीव. पडद्यावर पांढरीने मान वळवली की घराघरांत माणसं हातातला घास हातातच धरून बसत. सेटवर मात्र पांढरी म्हणजे काठीच्या टोकाला बांधलेला हिरव्या कापडाचा चेंडू. त्या चेंडूकडे बघून खरेखुरे डोळे भरून येणारा नट एकच होता. तो मधल्या खिंडीचा राखणदार व्हायचा, आणि सेटवर सगळे त्याला राखणदारच म्हणत.

मालिकेत यायच्या आधी तो लिफ्ट दुरुस्त करायचा. वय छत्तीस, आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा, आणि चेहरा असा की पोटातलं सगळं तिथे वाचून घ्यावं. जुनेरबाईला तो ताई म्हणायचा. सहा वर्षांत तिने त्याचे इतके कपडे झिजवले होते की त्याच्या अंगाचा नकाशा तिला पाठ होता. तलवारीचा पट्टा उजव्या खांद्यावर, म्हणून तिथलं कापड आधी विरतं. बसताना डावा गुडघा टेकवतो, म्हणून तिथे माती.

सातव्या वर्षाच्या चित्रीकरणाची तयारी सुरू झाली, तेव्हा एका सोमवारी तिच्या टेबलावर चिठ्ठी आली. राखणदार, राखाडी सदरा, सात नग. पाच त्याच्या मापाचे, दोन त्याच्याऐवजी घोड्यावरून पडणाऱ्या माणसाच्या मापाचे. सातही सदरे हुबेहूब एकसारखे झिजलेले हवेत. डाव्या बरगडीपाशी दोन बोटं रुंद चीर, आतून लाल रंगाच्या पिशवीला जागा.

तिने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि पुन्हा उघडून वाचली. साध्या प्रसंगाला दोन कपडे लागतात, पाऊस किंवा चिखल असेल तर तीन. सात लागतात ते एकाच कामासाठी. दर वेळी रक्ताने भिजलेला कपडा बदलून माणसाला नव्याने मारता यावं म्हणून. राखणदार जाणार, हे कपडेखात्याला कळलं होतं. त्याला स्वतःला ते ठाऊक नव्हतं.

गोष्ट फुटू नये म्हणून सगळ्यांनीच कागदावर सह्या केल्या होत्या. कथेतलं अवाक्षर बाहेर काढायचं नाही, घरच्यांनाही सांगायचं नाही. जुनेरबाईच्या बाबतीत घरचे म्हणजे एकट्या सासूबाई. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली होती आणि दोघी एकमेकींना धरून राहत होत्या. सासूबाईंचं वय ब्याऐंशी आणि मालिकेचं वेड सोळा वर्षांच्या पोरीसारखं.

"मी काही विचारत नाही," त्या रोज जेवताना म्हणायच्या. "एवढंच सांग, राखणदाराचं धाकटीशी जमतं का?"

"आई, सही केलीय मी."

"अगं, मी कुणाला सांगणार? माझ्या ओळखीचे सगळे वर गेलेत."

एरवी जुनेरबाई हसून विषय बदलायची. त्या सोमवारी तिला हसू येईना. तिने ताटातलं तसंच सारलं आणि डोकं दुखतंय म्हणून उठली.

मंगळवारी राखणदार अंगरख्याचं माप द्यायला आला तो खुशीत होता. एका जुन्या नामांकित नाटक मंडळीने त्याला बोलावलं होतं. मोठी भूमिका, वर्षभराचा दौरा. शुक्रवारपर्यंत उत्तर द्यायचं होतं.

"मग?" जुनेरबाईने विचारलं.

"मग काय, नाही म्हणणार. इथलं अजून दोन वर्षं तरी आहे. वाईट वाटतंय, पण दोन डगरींवर पाय कसा ठेवणार?"

ती फीत गुंडाळत राहिली. तो गेल्यावर बराच वेळ गुंडाळत राहिली. मग हात धुतले आणि वरच्या मजल्यावर लेखिकेच्या खोलीत गेली.

लेखिका तिच्याहून बारा-तेरा वर्षांनी लहान होती, पण सगळी मालिका तिच्या शब्दावर हलायची. तिच्या खोलीची एक आख्खी भिंत रंगीत कार्डांनी भरली होती. प्रत्येक पात्राचा रंग वेगळा आणि प्रत्येक प्रसंगाला एक कार्ड. राखणदाराची निळी कार्डं सहाव्या भागापाशी संपत होती.

"मॅडम, सात सदऱ्यांची चिठ्ठी आली," जुनेरबाई म्हणाली. "त्याला सांगा. शुक्रवारी तो एका नाटकाला नकार देतोय."

लेखिकेने पेन्सिल खाली ठेवली. "तीन आठवड्यांनी सगळ्यांसमोर वाचन आहे. तेव्हा कळेलच."

"तोवर नाटक हातचं गेलेलं असेल."

"जुनेरबाई, त्याचा चेहरा तुम्हाला माहीत आहे. आज कळलं तर पहिल्या भागापासून तो मरायला निघालेल्या माणसासारखा चालेल. त्याचं मरण लोकांना धक्का म्हणून हवंय. मी सगळ्यांचे शुक्रवार सांभाळत बसले, तर गोष्ट कधी लिहू?"

जुनेरबाई जिने उतरून खाली आली आणि पहिल्या सदऱ्याची कोपरं किसायला बसली.

दोन दिवस तिने काम केलं. सहा सदरे ओळीने टांगले, एकाचं ठिगळ दुसऱ्याच्या ठिगळाशी ताडून पाहिलं. कागदावरची सही तिला दिसत होती आणि शुक्रवारही दिसत होता. नोकरी गेली तर दुसरीकडे कोण घेणार, हेही डोक्यात होतं. नवीन कपडे जुने करून द्या असं घरोघरी कुणी म्हणत नाही.

गुरुवारी राखणदार अंगरखा घालून बघायला आला. ती त्याच्या मागे गुडघ्यावर बसून खालची पट्टी टाचत होती. टाचण्या तिच्या ओठांत होत्या.

"उद्या फोन करून टाकतो त्यांना," तो आरशात बघत म्हणाला. "नाही म्हणायला मला फार वेळ लागतो, म्हणून सकाळीच करतो."

तिने एकेक टाचणी ओठांतून काढून उशीत खोचली.

"नाही म्हणू नकोस."

"काय?"

"नाटकाला नाही म्हणू नकोस."

तो हसला. आरशात तिचा चेहरा दिसला, तसा थांबला. "ताई, सध्या तुमच्या हातात काय काम आहे?"

"सदरे."

"माझे?"

"हो."

"किती?"

खोटं बोलता आलं असतं. तीन म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"सात," ती म्हणाली.

सहा वर्षं या धंद्यात काढलेल्या माणसाला आणखी सांगावं लागलं नाही. तो स्टुलावर टेकला. टाचलेली पट्टी दुमडून त्याच्या पोटरीला टोचत असणार, पण त्याचं लक्ष नव्हतं. बाहेर कुणीतरी पेट्या ओढत नेत होतं, तो आवाज दूर गेला.

"चीर कुठे?" त्याने विचारलं.

तिने त्याच्या डाव्या बरगडीवर बोट ठेवलं. तो त्या बोटाकडे वाकून बघत राहिला.

"समोरून की पाठीमागून?"

"समोरून."

"मग ठीक आहे," तो म्हणाला. "पळताना नाही मरत." आणि जरा वेळाने, "तुम्ही मला काही सांगितलं नाहीत, ताई. मी फक्त अंगरखा घालून बघायला आलो होतो."

शुक्रवारी त्याने नाटकाला होकार कळवला. दौरा चित्रीकरण संपल्यावर सुरू होणार होता.

तीन आठवड्यांनी वाचन झालं. लांबलचक टेबलाभोवती नट बसले होते आणि खातेप्रमुखांबरोबर जुनेरबाई भिंतीकडेच्या खुर्चीवर. सहावा भाग आला. खिंडीत हिमसैन्य शिरतं, पांढरी जखमी होऊन कोसळते, तिच्या पंखावर भाला उगारलेला असतो आणि राखणदार मध्ये पडतो. थोरल्या राजकन्येचं काम करणारी बाई वाचता वाचता अडखळली. राखणदाराने चष्मा काढला, पान उलटलं, तळहात टेबलावर पालथा ठेवला आणि लेखिकेकडे पाहून विचारलं, "पांढरी वाचते ना?"

सगळे रडता रडता हसले. जुनेरबाई मात्र लेखिकेकडे बघत होती. त्याने आपलं सोंग निभावलं होतं, आता खरं सांगायचं काम तिचं उरलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पुन्हा वर गेली आणि उभ्यानेच म्हणाली, "मॅडम, मी त्याला आधी सांगितलं. सही मोडली मी."

"मला कळलं ते," लेखिका म्हणाली.

"त्याने सांगितलं?"

"नाही. पान उलटायच्या आधीच त्याने चष्मा काढला. ज्याला पुढचं माहीत नसतं, तो डोळे भरल्यावर काढतो." तिने भिंतीकडे पाहिलं. "खरं सांगू? चेहऱ्याचं मी म्हटलं ना, ते निमित्त होतं. सहा वर्षं त्याच्या तोंडात वाक्यं घालतेय मी. हे एक वाक्य त्याच्यासमोर बसून माझ्याच्याने बोलवेना. सगळ्यांच्या गर्दीत उरकून टाकू म्हटलं."

जुनेरबाईने भिंतीवरच्या शेवटच्या निळ्या कार्डाकडे पाहिलं.

"सदरे झाले?"

"सहा झालेत."

"मग सातवा करा. आणि पुन्हा असं काही वाटलं तर आधी माझ्याकडे या."

"आले होते."

लेखिकेने मान खाली घातली. "हो," ती म्हणाली. "आला होतात."

त्या दिवसापासून ती पद्धत बदलली. कुणाचं पात्र जाणार असेल तर लेखिका वाचनाच्या आधी त्याला खोलीत बोलवायची, दार लावायची आणि स्वतः सांगायची. काही जण आत जाताना पाय ओढत जायचे, पण बाहेर आल्यावर तिच्याबद्दल वाईट बोलायचे नाहीत.

मरणाच्या चित्रीकरणाला चार सदरे लागले. पहिल्या वेळी पिशवी फुटलीच नाही. दुसऱ्या वेळी इतकी फुटली की रंग कॅमेऱ्यावर उडाला. तिसऱ्या वेळी वरून पडणाऱ्या कागदी बर्फाचा तुकडा नेमका त्याच्या उघड्या तोंडात गेला आणि राखणदार खोकत उठून बसला. चौथ्या वेळी तो हिरव्या चेंडूशेजारी आडवा झाला, एक हात चेंडूवर ठेवला आणि असा स्थिर झाला की दिग्दर्शकाने थांबा म्हटल्यावरही काठी धरणारा माणूस हलला नाही. जुनेरबाईने जाऊन त्याच्या अंगावर शाल घातली. तिला त्याचं कपाळ गार लागलं. "दमलो, ताई," तो म्हणाला. मग पोशाख उतरवून, सगळ्यांचे हात हातात घेऊन तो गेला. पंधरा दिवसांत नाटकाच्या तालमी सुरू झाल्या.

तो भाग प्रत्यक्ष दाखवला गेला, तेव्हा मधे आठ महिने गेले होते. संध्याकाळी सासूबाई वेळेच्या आधी खुर्ची ओढून बसल्या. जुनेरबाई शेजारी बसली. तिचं लक्ष टीव्हीपेक्षा त्यांच्याकडेच होतं. खिंड आली, सैन्य आलं, पांढरी कोसळली. राखणदार पडला आणि सगळं शांत झालं. पार्श्वसंगीतही थांबलं होतं. नुसता बर्फ पडत होता.

"काय झालं?" सासूबाईंनी विचारलं. "श्वास ऐकू येईना त्याचा. गेला का?"

"गेला, आई. दिसतोय ना."

सासूबाई तिच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "तुला माहीत होतं."

"हो. वर्ष होत आलं."

"वर्षभर माझ्यासमोर बसून जेवलीस आणि चेहऱ्यावर काही येऊ दिलं नाहीस." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "पोटात ठेवता येतं तुला. तर मग माझंही एक ठेव. मला दिसत नाही गं नीट. वर्ष झालं असेल. मधोमध सगळं धूसर आणि कडेकडेचं तेवढं दिसतं. मालिका मी आवाजावर बघते. कोण चाललंय, कुणाच्या बुटांचा आवाज, घोडा कुणाचा, सगळं ओळखू येतं. आत्ता काही ऐकूच येईना, म्हणून विचारलं."

जुनेरबाई त्यांच्याकडे बघत राहिली. कापडाचा कुठला धागा आधी जाईल हे लांबून सांगणारी बाई, आणि रोज समोर बसणाऱ्या माणसाचं तिला कळलं नव्हतं.

"सांगितलं का नाहीत?"

"तू दवाखान्यात नेशील म्हणून."

"उद्या नेणारच आहे."

"ने," सासूबाई म्हणाल्या. "आत्ता सांग, कसा पडलाय तो?"

जुनेरबाईने खुर्ची त्यांच्या खुर्चीला भिडवली. "कुशीवर," ती म्हणाली. "एक हात पांढरीच्या मानेवर आहे. केसांत बर्फ साचलाय. डोळे मिटलेत, पण दमून झोपल्यासारखे. सदरा राखाडी आहे, डाव्या बाजूने भिजलाय. आता धाकटी येतेय, घोड्यावरून. उतरली. धावत येतेय."

"हो," सासूबाई म्हणाल्या, "पावलं ऐकली मी. पुढे सांग."