शरदिनीबाईंची काळी पाच

आईला फसवणं सोपं नसतं, आणि गाणाऱ्या आईला तर नाहीच नाही. वैदेहीनं तरी ते केलं होतं. आता बनारसमध्ये, मंगला गौरीच्या देवळाजवळच्या हॉलमध्ये, गणेशोत्सवाच्या संध्याकाळी, ती लॅपटॉपसमोर बसून आईच्या गाण्याची वाट बघत होती.

तिची आई म्हणजे शरदिनीबाई. दूधविनायकाच्या गल्लीतल्या निम्म्या मराठी बायका तिच्याकडे कधी ना कधी गाणं शिकलेल्या, आणि त्या सगळ्यांना ठाऊक होतं की बाईंची पट्टी काळी पाच. पेटीवरच्या पाचव्या काळ्या पट्टीवर तिचा सा. तिथून ती स्वतः हलली नव्हती आणि खाली उतरून गाणाऱ्यांविषयी फारसं बरं बोललीही नव्हती. मग गळ्याला गाठ आली, ऑपरेशन झालं. गाठ निरुपद्रवी निघाली म्हणून सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. आवाजाचं काय झालं हे विचारायचं कुणाला सुचलं नाही. वर्षभर ती गायली नाही. आणि गणपती मंडळाचे लोक गाण्याचं आमंत्रण घेऊन आले तेव्हा गळ्याला न विचारताच हो म्हणून मोकळी झाली.

वैदेही घरीच कंप्युटरवर संगीत करायची, भजनांच्या अल्बमचं, जाहिरातींचं. आईच्या रियाजाला तानपुरा तिच्याच लॅपटॉपवरून वाजे. पहिल्या दिवशी काळी पाच लावली. वरच्या सा पाशी आईचा आवाज फाटला, आणि ती आत जाऊन दार लावून बसली. जेवलीही नाही. दुसऱ्या दिवशी वैदेहीनं गुपचूप तानपुरा एक पट्टी खाली, मधल्या पांढरीवर आणला. काही दिवसांनी आणखी एक. म्हणजे झाली काळी चार. तिथे आवाज उभा राहिला.

आईला कळलं कसं नाही, असं कुणीही विचारेल. सूर खाली आलाय हे गळ्याला कळतं खरं, पण वर्षभर गप्प बसलेला गळा कशाच्या भरवशावर सांगणार? आणि ज्याला ऐकायचंच नसतं त्याचा कानही मोठा सोयीचा असतो. त्या दिवशी आई स्वयंपाकघरात आली ती नव्या नवरीसारखी उजळून.

"गळा खुलतोय गं माझा," ती म्हणाली. "आपल्या काळी पाचवर पोचले मी."

सांगायचं तर त्याच क्षणी सांगायला हवं होतं. वैदेहीनं पोळी तव्यावर टाकली आणि "छान" म्हणाली.

पुढे अडचण आली रत्नाकरमामाची. मामा आईचा धाकटा भाऊ, तिच्या गाण्याला आयुष्यभर पेटीची साथ त्याचीच. पेटी काही लॅपटॉप नव्हे. काळी पाच दाबली की काळी पाचच वाजणार. आणि मामानं गुपचूप काळी चारवर वाजवायचं म्हटलं, तर आईची सवय आड येत होती. गायला बसलं की ती आधी मामाचं बोट सा वर आहे ना ते बघे, मगच डोळे मिटे. म्हणून वैदेहीनं मामाच्या दुखऱ्या खांद्याचं निमित्त काढलं, भाता ओढायला नको म्हणाली, आणि स्वतःचा कीबोर्ड त्याच्यापुढे ठेवला. खरी गोष्ट त्याला एकट्याला सांगितली. त्यानं पान चघळत सगळं ऐकून घेतलं.

"ताईला कळलं तर मी बनारस सोडून जाईन," तो म्हणाला. "तुझं काय करायचं ते तू बघ."

युक्ती तशी साधी होती. कीबोर्डाची पट्टी दाबली की तारेतून आवाज जात नाही, नुसती खबर जाते: कुठली पट्टी, किती जोरात, कधी सोडली. मिडी म्हणतात ती हीच. लॅपटॉपमध्ये ती खबर कुठल्या वाटेनं न्यायची हे वैदेहीच्या हातात. तिनं वाटेत एक नाका बसवला. येणारा प्रत्येक सूर तिथे दोन पट्ट्या खाली उतरायचा आणि मगच पेटीच्या आवाजात स्पीकरमधून बाहेर पडायचा. कीबोर्डाचा स्वतःचा आवाज तिनं बंद करून टाकला होता. मामाचं बोट काळी पाचवर, कानाला ऐकू येणार काळी चार. दुपारी हॉलमध्ये तिनं सगळं तपासून घेतलं तेव्हा कुठेही खोट नव्हती.

संध्याकाळ झाली. समोर आईच्या जुन्या शिष्या येऊन बसत होत्या, गीताकाकू तर नातवंडांना घेऊन पहिल्या रांगेत. आई नवी टसर नेसून आली होती आणि ज्याला त्याला सांगत होती, आवाज परत आला म्हणून. वैदेहीला प्रत्येक वेळी वाटे, आत्ताच उठावं आणि हिला बाहेर नेऊन सगळं सांगून टाकावं. पूजा सुरू झाली तशी ती मागच्या बाजूला स्पीकरच्या तारा बघायला गेली. बघण्यासारखं तिथे काही नव्हतं. आईसमोर बसवत नव्हतं, एवढंच.

पूजा आटोपली तशी ती लॅपटॉपपाशी परत आली. आई मांडीवर तारांचं छोटं स्वरमंडल घेऊन मंचावर बसली, मामाच्या बोटाकडे बघितलं, मान डोलावली. तानपुरा सुरू झाला. मामानं सा दाबला.

आणि दोन सा वाजले. एक स्पीकरमधून, दुसरा मामाच्या मांडीपुढून, थेट कीबोर्डाच्या पोटातून. एकमेकांच्या उरावर बसलेले दोन सूर, दात आंबतील असे. पहिल्या रांगेत कुणीतरी हसलं. मामानं घाबरून पुन्हा दाबला, पुन्हा दोन. वैदेही लॅपटॉपच्या पडद्याकडे बघत राहिली. तिथे सगळं जसंच्या तसं होतं. खबर येत होती, नाक्यावर उतरत होती, पुढे जात होती. ती मामाकडे वाकली.

"काय केलंत मामा?" तिनं दबक्या आवाजात विचारलं.

"काही नाही गं. पूजेच्या वेळी बटन बंद केलं, उपरणं घातलं वरून. पूजा व्हायच्या आधी पेटी उघडी कशी ठेवणार?"

तिच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. खरी पेटी पूजा होईपर्यंत झाकून ठेवायची ही मामाची जन्माची शिस्त. कीबोर्डाला झाकण नाही, म्हणून त्यानं भक्तिभावानं बटन दाबलं. आणि बंद करून चालू केला की तो कीबोर्ड सांगितलेलं सगळं विसरतो, आपला आवाज आपणच काढायला लागतो. दोन बटनांचं काम होतं. तिनं हात पुढे केला.

आईनं तिचं मनगट धरलं.

आई तिच्याकडे बघतही नव्हती. तिनं दुसऱ्या हातानं स्वतः काळी पाच दाबली आणि दोन्ही सूर ऐकले. मग हलकेच, माइक बाजूला सारून, आपला सा लावला. तो खालच्या सुराला जाऊन चिकटला. तिनं तानपुरा ऐकला, तोही खालीच होता. पुन्हा सा लावला. तिच्या चेहऱ्यावरचं तेज ओसरताना वैदेहीनं बघितलं, आणि हॉलमध्ये इतकी माणसं असताना तिला लहान मुलासारखं रडू आलं.

मग आईनं मामाचं बोट उचललं आणि शेजारच्या काळ्या पट्टीवर नेऊन ठेवलं.

"त्या यंत्राला म्हणावं, जे आहे तेच वाजव," ती म्हणाली.

वैदेहीनं नाका काढून टाकला. मामानं दाबलं. दोन्हीकडून एकच सा वाजला.

आईनं माइक पुढे ओढला. माझा आवाज उतरला आहे, आजपासून माझी पट्टी काळी चार, असं तिनं साध्या शब्दांत सांगितलं, वर्गात गृहपाठ सांगावा तसं. कुणी हसलं नाही. गीताकाकूंनी पदर तोंडाशी नेला. मग माइकवर तळवा ठेवून आई लेकीकडे वळली.

"रडायचं ते घरीच रडून घेतलं असतं गं मी. तेवढं तरी ठेवायचं होतंस माझ्यासाठी."

 उत्तरासाठी आई थांबली नाही. तिनं डोळे मिटले आणि गायला सुरुवात केली. आवाज वरच्या सा पर्यंत गेला, तिथे टिकला. डोळ्यांतून धार लागली होती. पण एक हात स्वरमंडलाच्या तारांवर होता, दुसऱ्यानं ती ताल धरून होती, आणि गाणं संपेपर्यंत तिला डोळे पुसता आले नाहीत.