मशीन नाही म्हणालं

ऑफिसात तिला सगळे कुलूपवाली म्हणत, कारण संगणकातली माहिती कुलूपबंद करणं हेच तिचं काम. चार महिने तिने एकाच गोष्टीचा ध्यास घेतला होता: हॉस्पिटलच्या रक्ततपासणी विभागासाठी ऑपरेटिंग सिस्टिमची इमेज. म्हणजे एकच तयार साचा, चाळीस मशीनवर जसाच्या तसा उतरवायचा. अट अशी, की मशीन पहिल्यांदा सुरू होतानाच त्यात फक्त मंजूर एन्क्रिप्शन, म्हणजे माहिती कुलूपबंद करायच्या मंजूर पद्धती, चालाव्यात, बाकी सगळ्याला मज्जाव.

मागच्या खेपेला तिने माती खाल्ली होती. सगळी इमेज बांधून झाल्यावर ती अट सर्वांत शेवटी चालू केली. मशीन छातीठोकपणे 'चालू' सांगत होतं, पण तपासनीस बाई कसल्या बेरक्या! माहिती ज्या किल्लीने कुलूपबंद होते, ती कधी तयार झाली ते त्यांनी पाहिलं. किल्ली अट चालू होण्याच्या तासभर आधीच तयार झालेली, आणि चाळीसही मशीनना तीच. इमेज नापास झाली, मशीनं बंद पडून राहिली.

त्या विभागात तिचा सख्खा दादा कामाला. तेव्हापासून तो रोज शेकडो रिपोर्ट हाताने लिहीत होता. गेल्या आठवड्यात दोन पेशंटचे रक्तगट एकमेकांच्या कागदावर गेले. वेळीच लक्षात आलं म्हणून निभावलं, पण त्या दिवशी दादा जेवलाच नाही. आज पुन्हा तपासणी होती; नापास झाली, तर पुढची थेट तीन महिन्यांनी.

या वेळी तिने अट बांधणीच्या पहिल्याच पायरीत घातली होती. किल्ल्या तर इमेजमध्ये ठेवल्याच नव्हत्या. ज्या त्या मशीनने आपली किल्ली सुरू होताना बनवायची. सकाळी अकराला मशीन सुरू झालं. किल्लीची वेळ बरोबर निघाली. तिला खुर्चीत बसवेना.

"चालू म्हणतंय ते दिसतंय," बाई म्हणाल्या. "मागेही म्हणत होतं. आता बंदी घातलेल्या जुन्या पद्धतीने एक फाइल लॉक करून दाखवा. त्याने नाही म्हणायला हवं."

तिने कमांड दिली. फाइल निमूट लॉक झाली. बाईंनी पेनाचं टोपण काढलं.

तेवढ्यात तिची नजर कमांडच्या ओळीच्या सुरुवातीला असलेल्या मशीनच्या नावावर गेली.

"मॅडम, थांबा. ही माझ्या लॅपटॉपची विंडो आहे. मशीनची शेजारची."

दोन्ही विंडो काळ्या, अक्षरं सारखीच. कुलूपवालीने आपल्याच घराचं दार ठोठावलं होतं. बाईंच्या ओठांचा कोपरा हलला. "द्या मग तिथे."

तीच कमांड. लाल ओळ उमटली: परवानगी नाही. बाईंनी आणखी दोन जुन्या पद्धती करून पाहायला लावल्या. मशीन दोन्ही वेळा नाही म्हणालं. आयुष्यात कुठल्या एररवर तिचं इतकं प्रेम बसलं नव्हतं. बाईंनी सही केली.

तिने धावत जिन्यात जाऊन फोन लावला. "दादा, नाही म्हणालं रे. तीनदा नाही म्हणालं."



"म्हणजे आता पेन खाली ठेवू?" दादाने विचारलं.

"ठेव," ती म्हणाली, "आणि आधी जेवून घे."