चुकीला मायनस

नांदेडच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात स्वप्नाली मॅडमनं प्रोग्रामिंगचा ऑनलाइन कोर्स बनवला, आणि कधी नव्हे ती पोरं लायब्ररीतल्या कॉम्प्युटरसाठी भांडू लागली. युक्ती साधी होती. प्रोग्राम चुकला की कोर्स कुठं चुकलं तेवढं दाखवायचा आणि पुन्हा करायला लावायचा, कितीही वेळा. किनवटच्या धम्मप्रियानं एक प्रोग्राम बासष्टाव्या वेळी बरोबर आणला, तेव्हा मॅडमला स्वतःला नोकरी लागल्यापेक्षा जास्त आनंद झाला.

मग नवे प्राचार्य आले, मृत्युंजय सर. लातूरच्या कोचिंग क्लासात वीस वर्षं काढलेला माणूस. त्यांनी कोर्सचा रिपोर्ट उघडला आणि कपाळाला हात लावला.

"चार हजार चुका? मॅडम, तुम्ही पोरं शिकवायलात का बिघडवायलात?"

"सर, चुकल्याशिवाय प्रोग्राम येतच नाही."

"आमच्या क्लासात चुकलं की मार्क मायनस. पोरं डॉक्टर झाली का न्हाई?"

युक्तिवाद बिनतोड होता. शिवाय मॅडमची नेमणूक दर सहा महिन्यांनी सरांच्याच सहीनं वाढायची. तिनं कोर्सात मायनस मार्क बसवले, मागच्या चुकांसकट. धम्मप्रिया वर्गात शेवटची आली. वसतिगृहातली जागा मार्कांवर ठरायची, त्यामुळं पुढच्या महिन्यात मार्क वाढले नाहीत तर खोली सोडावी लागेल, अशी नोटीस तिला मिळाली. मॅडमला स्वतःची शरम वाटली, लई वाटली, तरी तिनं एकही मार्क हलवला नाही.

पुढच्या महिन्यात कॉलेजात चमत्कार झाला. साठच्या साठ पोरांचे प्रोग्राम पहिल्या फटक्यात बरोबर, आणि साठही प्रोग्रामांत तीच एक बिनकामाची ओळ. सरांनी पेढे वाटले. गेटवर फ्लेक्स लागला, त्यावर सरांचा फोटो इमारतीपेक्षा मोठा होता.

मॅडमनं धम्मप्रियाला चांगलं झापायचं ठरवून बोलावलं.

"हा तू लिहिलास?"

"न्हाई मॅडम. झेरॉक्सच्या दुकानातून आणला. सगळ्यांनीच आणलाय."

"अगं, पण तुला तर स्वतःला येतं!"

"येतं की. पण धा-वीसदा चुकल्यावर येतं." पोरगी खाली बघत म्हणाली, "मला वसतिगृहात ऱ्हायचं हाय, मॅडम."

मॅडमनं झापायचं सोडून कॉम्प्युटर उघडला. धम्मप्रियाच्या नावापुढं तिनं पैकीच्या पैकी मार्क भरले.