हिंदीत उपलब्ध

कोरियन मालिका कुठल्या ॲपवर बघावी, यावरून पवनीतल्या घरात भांडण होण्याचं काही कारण नव्हतं. आमच्याकडे झालं. माझ्या बाजूने ते तत्त्वाचं होतं, हे आधीच नोंदवून ठेवतो.

माझी मोठी बहीण शोभाताई नवरा गेल्यावर दिघोरीहून माहेरी आली, त्याला अकरा वर्षं झाली. पुढच्या खोलीत वडिलांचा हातमाग आहे, आमच्या गल्लीतला शेवटचा. ताई त्याच्यावर कोशाच्या रेशमी साड्या विणते. विणताना डोळे धाग्यावर, हात धोट्यावर, पाय खालच्या फळ्यांवर. रिकामे राहतात ते फक्त कान. लॉकडाऊनमध्ये मी समोरच्या भिंतीवर टीव्ही लावला आणि कॉलेजात इंग्रजी शिकवणाऱ्या माणसाला शोभेल असं एक काम अंगावर घेतलं. वर माणसं कोरियन बोलायची, खाली इंग्रजी उमटायचं, आणि मी ते आमच्या बोलीत ताईला सांगायचो. वर्गात माझं इंग्रजी इतक्या भक्तीने कोणी ऐकल्याचं मला आठवत नाही.

ताई चौथी शिकलेली आहे. तिला मराठी वाचता येतं, फक्त ती वाचत नाही. विजेचं बिल असो की लग्नाची पत्रिका, घरात कागद आला की न बघता माझ्याकडे देते. म्हणते, बाबानं तुले शिकवलं, मंग मी कायले डोळे फोडू?

आम्ही बघत होतो ती मालिका सोळा भागांची. समुद्राकाठचं गाव, तिथे एका बहिणीचं शेवयांचं दुकान, तिचा शहरातला भाऊ आणि दोघांच्या नावावर बापाची जमीन. कोरियन नावं तोंडात बसत नव्हती म्हणून ताईने भावाचं नाव राखाडी कोटवाला ठेवलं. पहिले आठ भाग मी शब्दाला शब्द ठेवून सांगितले. नवव्या भागात राखाडी कोटवाला दुकानात आला, बहिणीपुढे एक कागद ठेवला आणि दवाखान्याचा आहे म्हणून सहीच्या जागी तिचा शिक्का घेतला. कागदावर काय होतं ते खाली स्पष्ट आलं: वडिलांच्या जमिनीतला माझा सगळा हक्क मी भावासाठी सोडत आहे.

माग थांबला. ताईने मान वर करून विचारलं, "कायचा कागद होय तो?"

"दुकानाच्या लायसनचा," मी म्हणालो.

मी असं का म्हणालो, ते सांगणं भाग आहे. त्याच्या दोन वर्षं आधी कोंढा गावातल्या आमच्या साडेतीन एकराचा कागद मीच ताईपुढे ठेवला होता. माथ्यावर ठळक अक्षरांत हक्कसोडपत्र असं लिहिलेलं होतं. वाचून दाखवताना मी माथा गाळला आणि बाबाच्या जागी वारसांची नावं चढवायची आहेत, असं सांगितलं. नावं चढलीच. एक चढलं. ऑफिसातल्या साहेबांनी तिला विचारलं, बाई, कागद समजला का? ताई म्हणाली, माह्या भावानं वाचला. साहेबांचं समाधान झालं. शेती एकाच्या नावावर असली की बरी असते, असं माझं मत होतं आणि तो एक कोण असावा याबद्दलही माझं मत होतं. तेव्हापासून दर दिवाळीला, धान कापलं की ताई विचारते, माह्या बांध्यात औंदा कसं झालं? मी खरा आकडा सांगतो. या बाबतीत मी तिला कधीही फसवलेलं नाही.

लायसन मात्र मला महागात पडलं. पुढचे तीन भाग ती बाई नुसती रडत होती, आणि लायसन अडकलं म्हणून रडते असं मला सांगत राहावं लागलं. कोरियातही ऑफिसात इतक्या चकरा माराव्या लागतात, हे ऐकून ताईला जरा बरं वाटलेलं दिसलं. चौदाव्या भागात त्या बाईने राखाडी कोटवाल्याच्या भर रस्त्यात थोबाडीत मारली. मी म्हणालो, लाडानं. शेवटच्या भागात कोर्ट होतं. त्याचा मी लायसनचा मेळावा केला.  ताईचा धोटा जरा जोरात चालला, एवढंच.

नंतर माझी मुलगी कीर्ती नागपूरहून सुट्टीत आली. ती जपानी कार्टून बघते. ते कार्टून नाही, ॲनिमे आहे, असं ती मला वर्षातून चार वेळा सांगते. कुठल्या ॲपवर काय मिळतं, कशात जाहिराती येतात, कशात भाग उशिरा पडतात, सगळं तिला तोंडपाठ. तिने माझं ॲप उघडून बघितलं आणि सांगितलं की यात नुसतं इंग्रजी आहे, दुसरीकडे हेच सगळं हिंदीत आहे, आत्याला तुमची वाट बघत बसायला नको.

मी जेवण बाजूला ठेवून मूळ आवाजाचं महत्त्व समजावलं. नटाचा श्वास, भाषेचा गंध वगैरे. डबिंग म्हणजे बेइमानी आहे, हे वाक्य मी दोनदा म्हणालो. कीर्ती म्हणाली, तिलाही मूळ आवाजच आवडतो, पण आत्याचे डोळे मागावर असतात त्याचं काय? मी ते ॲप घ्यायचं नाही असं सांगून विषय संपवला. ती हो म्हणाली. माझी मुलगी पहिल्या झटक्यात हो म्हणाली, तिथेच मला शंका यायला हवी होती.

दुसऱ्या दिवशी चारला कॉलेजातून आलो. गल्लीत शिरलो तरी मागाचा आवाज नव्हता. घरात राखाडी कोटवाला चोख हिंदीत बोलत होता, "दीदी, बस अस्पताल का काग़ज़ है."

पोटच्या मुलीने घात केला, हे मला सगळ्यात आधी सुचलं. दुसरं काही सुचायला वेळ लागला. कीर्ती खाली बसून मटार सोलत होती, आणि चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचा आनंद होता.

"मी पहिल्यापासून लावत होती, बाबा," ती म्हणाली. "आत्याच म्हणाली, नववा लाव."

ताईचे दोन्ही हात मांडीवर होते. मागावर असताना तिचे हात मांडीवर मी कधी पाहिले नव्हते.

"लायसनसाठी कोणी इतकं रडते का, हेमराज?" ती म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "तुह्या कपाटातला कोंढ्याचा कागद आण."

मी किल्ली शोधली. ती खिशातच होती, तरी मी बराच वेळ शोधली. कागद आणून तिच्यापुढे धरला आणि म्हणालो, तुला वाचता येतं, तूच बघ.

तिने हात पुढे केला नाही. "तूच वाच. मागच्या खेपीही तूच वाचला होता." मग भाचीकडे वळली. "कीर्ती, बाबाच्या बाजूले बस. डोळे कागदावर ठेव."

कीर्तीला काही कळलं नव्हतं. हात ओढणीला पुसत ती येऊन बसली. ताईने टीव्ही बंद केला. मी चष्मा लावला, घसा साफ केला, आणि तारखेपासून वाचायला सुरुवात केली.

"बाबा," कीर्ती म्हणाली, "वरचं राहिलं."